एका डोळ्याची चाळीस लाख रोपं

१८५० साली जोसेफ हूकर हा इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञ खासी टेकड्यांत हिंडत होता. तिथल्या ओकच्या रानात त्याला निळा व्हँडा सापडला. झाडाच्या सालीला मुळांनी घट्ट धरलेला, वाऱ्यावर मोकळा वाढणारा, आणि तळहाताएवढ्या फिक्या निळ्या फुलांचे तुरे मिरवणारा. हूकरच्या माणसांनी ३६० तुरे तोडून आणले. व्हरांड्यात त्यांचे तीन ढीग लागले, प्रत्येक ढीग वारभर उंच. मग किऊच्या राजोद्यानासाठी सात हमालांचं ओझं होईल एवढी झाडं उपटली गेली, त्यातली मोजकीच इंग्लंडला जिवंत पोचली. एका गृहस्थाने जागा पाहून ठेवायला आपला माळी हूकरसोबत धाडला होता. त्याचं एकाच हमालाचं ओझं विलायतेला गेलं, तेही फार वाईट अवस्थेत पोचलं, तरी ३०० पौंडांना खपलं. हा सगळा हिशेब हूकरने आपल्या प्रवासवर्णनात स्वतःच्या हाताने लिहून ठेवला आहे, आणि त्यात संकोचाचा लवलेश नाही.

तो काळच तसा होता. ऑर्किडच्या वेडाने विलायतेतले धनिक झपाटले होते. लंडनच्या लिलावात एकेका रोपासाठी बोली चढायची, आणि रोपवाटिकांचे मालक जगभर माणसं पाठवायचे. अल्बर्ट मिलिकन हा अशा धाडलेल्या माणसांतलाच एक. कोलंबियाच्या जंगलातल्या एका मोहिमेची हकिगत त्याने १८९१ च्या आपल्या पुस्तकात दिली आहे. दोन महिन्यांत सुमारे ४,००० झाडं तोडली आणि त्यांच्या फांद्यांवरून सुमारे १०,००० ऑर्किडं मिळवली. म्हणजे अडीच फुलझाडांमागे एक वृक्ष आडवा.

प्रश्न असा पडतो की एवढा उपद्व्याप कशाला? बी पेरायचं होतं. ऑर्किडला बी काही कमी येत नाही. चार्ल्स डार्विनने एका साध्या युरोपीय ऑर्किडचं बी मोजलं, तर एका बोंडात ६,२०० आणि अख्ख्या झाडावर १,८६,३०० बिया भरल्या. उष्ण प्रदेशातल्या काही जातींच्या एका बोंडात तर लाखांनी बिया असतात. पण त्या धुळीसारख्या. गव्हाच्या किंवा हरभऱ्याच्या दाण्यात कोंबासाठी शिदोरी बांधलेली असते, तशी इथे जवळजवळ नसतेच. माळी बी पेरायचे, वाट पाहायचे, आणि कुंडीत शेवाळ सोडून काही उगवायचं नाही. विलायतेत जॉन डॉमिनी या माळ्याने दोन ऑर्किडांचा संकर करून १८५६ मध्ये पहिलं फूल काढलं खरं, पण बी रुजलं तर नशीब. आईच्या कुंडीतच बी टाकलं तर कधीकधी उगवतं, एवढी एक वहिवाट मात्र माळ्यांच्या हाताला लागली होती. का, ते कुणाला ठाऊक नव्हतं.

ते कोडं एका शिपायाने सोडवलं. नोएल बर्नार हा तरुण फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ सक्तीच्या लष्करी नोकरीवर पॅरिसजवळच्या मलाँ गावी होता. ३ मे १८९९ रोजी रानात फिरताना त्याला वाळल्या पानांच्या थराखाली गाडलं गेलेलं एका ऑर्किडचं बोंड दिसलं. आदल्या वर्षीचा फुलदांडा, बोंड न फुटताच मातीआड झालेला. आत बिया रुजल्या होत्या, आणि प्रत्येक रुजलेल्या बीमध्ये बुरशीचे धागे शिरलेले होते. बर्नारने ओळखलं की बीला स्वतःची शिदोरी नाही, ती बुरशी पुरवते. आईच्या कुंडीत बी का उगवायचं तेही उलगडलं, तिच्या मुळांभोवती ती बुरशी आधीच असायची. पुढची अकरा-बारा वर्षं त्याने याच कामात घालवली आणि १९११ मध्ये क्षयाने गेला. वय ३६.

इथून पुढचं पाऊल अमेरिकेत पडलं. कॉर्नेल विद्यापीठातला लुईस नडसन हा साखरेचा हिरव्या झाडांवर काय परिणाम होतो, याचा अभ्यास करत होता. बर्नारचे प्रयोग वाचताना त्याला वेगळीच शंका आली. बुरशी करते काय, तर पिठूळ पदार्थ फोडून साखर करते. मग साखरच सरळ दिली तर? त्याने बाटलीत थोडे क्षार, साखर आणि अगर घातलं, सगळं निर्जंतुक केलं आणि त्यावर बी भुरभुरलं. बुरशीशिवाय बी उगवलं. १९२२ मध्ये त्याने हे प्रसिद्ध केलं. बुरशीशिवाय वाढलेल्या या झाडांना फुलं येणार नाहीत, अशी शंका काढणारे निघालेच. नडसनने १९३० मध्ये फुलं दाखवली.

त्या बाटलीतल्या अगरची हकिगत जाता जाता सांगायला हवी. समुद्रशेवाळापासून मिळणारा हा पदार्थ जंतुशास्त्राच्या प्रयोगशाळेत आणला तो कुणा प्राध्यापकाने नव्हे. रॉबर्ट कॉखच्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या वॉल्टर हेसची बायको फॅनी जेली घट्ट करायला अगर वापरायची. जंतू वाढवायच्या मिश्रणातलं जिलेटिन उन्हाळ्यात वितळतं म्हणून नवरा वैतागला होता, तेव्हा तिने आपल्या स्वयंपाकघरातला उपाय सुचवला. टिश्यू कल्चरच्या, म्हणजे झाडाचा तुकडा काचेत वाढवायच्या, बाटल्या आजही बहुतेक त्याच अगरवर चालतात.

नडसनमुळे बियांचा प्रश्न मिटला, आणि लगेच पुढचा उभा राहिला. हापूसची कोय लावली तर हापूस येत नाही, हे कोकणात पोरासोरांनाही कळतं, आणि ऑर्किडच्या संकराचं नेमकं तेच. हजार बिया रुजवल्या तर हजार तऱ्हांची फुलं, त्यांतलं एखादंच पारितोषिक मिळवणारं. त्या एकाची हुबेहूब नक्कल हवी असेल तर आंब्याला कलम आहे, ऑर्किडला तेही नाही. एकदल वनस्पतीत कलमाचा सांधा धरेल असा थरच नसतो. उरली फक्त फोड. जुने कंद सुटे करून लावायचे आणि वर्ष-दोन वर्षांनी एकाचे दोन झाले तर समाधान मानायचं. फॅलेनॉप्सिससारख्या एकाच दांड्यावर वाढणाऱ्या जातीला तर कंदही नाहीत. त्या जातीच्या फुलदांड्याच्या पेऱ्यावरचा डोळा बाटलीत वाढवून रोप काढता येतं, हे गाव्हिनो रोटर या फिलिपिनो संशोधकाने कॉर्नेलमध्ये १९४९ मध्ये दाखवलं. पण तिकडे फारसं कुणी वळून पाहिलं नाही.

एव्हाना विलायती बागवाल्यांना दुसऱ्याच संकटाने घेरलं होतं. पिढ्यान्‌पिढ्या एकाच झाडाच्या फोडी लावत गेलं की झाडाबरोबर त्याचा रोगही वाटला जातो. सिंबिडियमच्या पानांवर पिवळे-काळे पट्टे उमटायचे, फुलं डागाळायची, आणि विषाणूवर औषध नव्हतं. बागेतलं सगळ्यात मोलाचं झाडच बहुधा सगळ्यात जुनं, म्हणून सगळ्यात आजारी. तसंच बटाट्यांचं, तसंच डेलियांचं.

टिश्यू कल्चरची गोष्ट सांगणारे बहुतेक जण ‘झपाट्याने रोपं करायची पद्धत शोधली’ असं सुरू करतात. माझ्या मते तिथेच ती गोष्ट चुकते. ज्या माणसाच्या नावावर ही पद्धत जमा आहे, तो रोपं वाढवायला निघालाच नव्हता. तो औषध शोधत होता.

त्याचं नाव जॉर्ज मोरेल. जन्म १९१६. व्हर्सायच्या सरकारी कृषी संशोधन केंद्रात तो काम करायचा. झाडाचा तुकडा शरीराबाहेर जगवायची खटपट त्याच्या आधी पन्नास वर्षं चालू होती. १९०२ मध्ये ऑस्ट्रियाच्या गॉटलीब हाबरलांटने पानांतल्या सुट्या पेशी वाढवायचा यत्न केला. त्यासाठी निवडलेल्या वनस्पतींत जलपर्णीही होती, म्हणजे कुणाला नको असताना वाढणारी! त्या पेशी महिनाभर जगल्या पण एकही दुभंगली नाही. १९३४ मध्ये अमेरिकेत फिलिप व्हाइटने टोमॅटोचं मूळ बाटलीत अखंड वाढवून दाखवलं. १९३९ च्या सुमारास फ्रान्समध्ये गोत्रे आणि नोबेकूर यांनी गाजराच्या ऊती जगवल्या. मोरेल गोत्रेच्याच तालमीतला.

१९४९ मध्ये लिमासे आणि कॉर्न्वे या दोघा फ्रेंच संशोधकांनी रोगट तंबाखूच्या झाडाचे शेंड्यापासून खाली निरनिराळे तुकडे तपासले. शेंड्याकडे जावं तसा विषाणू विरळ होत होता, आणि अगदी टोकाला, जिथे नव्या पेशी जन्मतात तिथे, जवळजवळ नव्हताच. मोरेलने यातून सरळ निष्कर्ष काढला. झाड आजारी असलं तरी त्याचा टोकाचा कण निरोगी असेल, तर तेवढाच कापून वाढवायचा. क्लोद मार्तेंबरोबर त्याने डेलियावर हे करून पाहिलं. तुकड्यांना हिरवे कोंब फुटले पण मुळं फुटेनात. मग त्यांनी ते इवलेसे कोंब निरोगी डेलियाच्या रोपांवर कलम केले. १९५२ मध्ये विषाणूमुक्त डेलिया उभा राहिला. १९५५ मध्ये बटाटा. मग मोरेल सिंबिडियमकडे वळला.

काम कसलं असतं, हे पाहण्यासारखं आहे. सिंबिडियमच्या बुडाशी नुकताच आलेला बोटभर फुटवा घ्यायचा, धुवायचा, ब्लीचिंगच्या द्रावणात बुडवायचा. मग सूक्ष्मदर्शकाखाली पानं एकेक करून सोलायची. बाहेरची जाड पानं हाताने निघतात, आतली सुईने काढावी लागतात. शेवटचं पान मिलिमीटरभरही नसतं. ते बाजूला सारलं की मध्ये एक चकचकीत, जवळजवळ पारदर्शक घुमट दिसतो. मिलिमीटरचा दहावा हिस्सा. तो ब्लेडच्या टोकाने उचलायचा आणि बाटलीतल्या अगरवर ठेवायचा. हात किंचित थरथरला तर तो चेंदतो, दिव्याखाली मिनिटभर रेंगाळला तर सुकतो. मोरेलने हा कण नडसनच्या मिश्रणावर ठेवला.

त्यातून कोंब यायला हवा होता. आली ती हिरवी गाठ. बीतून ऑर्किड उगवताना पहिल्यांदा जी इवली गाठ दिसते, तीच. डेलिया आणि बटाटा असं वागले नव्हते. ही गाठ चिरून चार केली तर प्रत्येक तुकड्याला पुन्हा नव्या गाठी फुटत, आणि चिरायचं थांबवलं की त्यांना पान-मूळ येऊन रोप तयार होई. एकाचे चार, चाराचे सोळा. अकरा फेऱ्यांत आकडा ४१,९४,३०४ वर जातो. एका डोळ्यापासून वर्षात चाळीस लाखांवर रोपं निघू शकतात, हा मोरेलचा गाजलेला दावा याच धाटणीच्या हिशेबाचा आहे. कागदावरचा हिशेब तो, एवढी रोपं ठेवायला जागा कुणाकडे होती? पण वर्षा-दोन वर्षांत एकाचे दोन करणाऱ्या धंद्याला त्यातलं शतांश खरं झालं असतं तरी पुरेसं होतं.

१९६० साली अमेरिकन ऑर्किड सोसायटीच्या मासिकात त्याचा तीन पानी लेख आला. लेखाचा विषय विषाणूमुक्त सिंबिडियम हा होता. कृतीचा तपशील त्यात अगदी हात राखून दिलेला आहे. टप्प्याटप्प्याने करता येईल अशी कृती १९६३ मध्ये अमेरिकेच्या डोनाल्ड विंबरने छापली. जर्मनीच्या हान्स थोमालेने १९५६-५७ मध्येच शेंड्यापासून ऑर्किड वाढवलं होतं. ऑर्किडच्या इतिहासाचे अभ्यासक जोसेफ आर्दित्ती यांनी रोटर आणि थोमाले यांची बाजू पुढे हिरिरीने मांडली. पहिला मान कुणाचा हा वाद मला फारसा रंगतदार वाटत नाही. मोरेलचं वेगळेपण असं की त्याच्या हाताशी धंदा होता. पॅरिसजवळ ब्वासी-सां-लेजे इथे वाशेरो आणि लकूफ्ल यांची जुनी ऑर्किडबाग होती. त्यांनी हे तंत्र लागलीच उचललं आणि साठच्या दशकात बाटलीतली रोपं विकायला काढली. ‘मेरिक्लोन’ नावाने ती जगभर गेली.

श्रीमंतांचा खेळ तिथे संपला. पदक मिळवलेल्या झाडाची एक फोड मिळवण्यासाठी माणसं वर्षानुवर्षं खेटे घालत, त्याच झाडाची रोपं आता यादीत नंबर टाकून मागवता येऊ लागली. ज्यांनी मूळ झाडावर भरमसाट पैसा ओतला होता, त्यांचे चेहरे कसे झाले असतील याची कल्पना करावी.

ऑर्किडचं हे भाग्य इतर फुलझाडांना नव्हतं. त्यांच्या शेंड्यातून आपोआप गाठी निघत नाहीत. त्यांना भाग पाडावं लागतं, आणि त्याची किल्ली विस्कॉन्सिन विद्यापीठात सापडली. फोल्के स्कूगच्या प्रयोगशाळेत तंबाखूच्या पेशींना दुभंगायला लावणारं द्रव्य शोधलं जात होतं. कार्लोस मिलरला हेरिंग माशाच्या शुक्रपेशींतून काढलेल्या डीएनएची एक जुनी बाटली कामी आली, पेशी धडाधड वाढल्या. बाटली संपली, नवी मागवली, तर तिचा गुण येईना. ताजा डीएनए ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे वाफेच्या दाबाखाली, शिजवला तेव्हा कुठे गुण आला. जुनाट होऊन मोडलेल्या डीएनएतच ते द्रव्य होतं. १९५५ मध्ये त्याला कायनेटिन नाव मिळालं. १९५७ मध्ये स्कूग आणि मिलर यांनी दाखवलं की ऑक्सिन हे दुसरं वृद्धिद्रव्य जास्त आणि कायनेटिन कमी दिलं तर तुकड्याला मुळं फुटतात, उलट केलं तर फुटवे.

त्याच प्रयोगशाळेत तोशियो मुराशिगे हा हवाईत जन्मलेला जपानी वंशाचा विद्यार्थी होता. तंबाखूच्या पानांच्या अर्कात एखादं नवं वृद्धिद्रव्य सापडेल या आशेने तो झटत होता. अर्क घातला की वाढ जोमाने व्हायची. पण खोलात गेल्यावर दिसलं की वाढ होते ती मुख्यतः अर्कातल्या साध्या क्षारांमुळे. मग त्याने क्षारांचीच प्रमाणं बसवली. १९६२ मध्ये छापलेलं हे मिश्रण आज ‘एमएस’ नावाने जगातल्या बहुतेक टिश्यू कल्चर लॅबमध्ये चालतं. लिटरमागे ३० ग्रॅम साखर, ती मात्र आपल्या चहातलीच.

पुढे कॅलिफोर्नियात रिव्हरसाइडला मुराशिगेने शोभेच्या झाडांचा सपाटाच लावला, आणि १९७४ मध्ये जर्बेराची पद्धत प्रसिद्ध केली. आपल्या दृष्टीने ही मोठीच गोष्ट. जर्बेरा मूळचा दक्षिण आफ्रिकेतल्या बार्बर्टनच्या बाजूचा. बियांपासून केला तर रंग फाटतात, ठोंब फोडून केला तर वर्षाला मोजकी रोपं. बाटलीत मात्र एका शेंड्याचे झुपके फुटत राहतात.

भारतात या विद्येचं एक ठाणं पुण्यात होतं. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत डॉ. व्ही. जगन्नाथन आणि डॉ. ए. एफ. मस्करेन्हास यांच्या गटाने सत्तरच्या दशकापासून ऊस, हळद, निलगिरी, साग असल्या आपल्या गरजेच्या पिकांवर काम केलं. १९९० मध्ये याच प्रयोगशाळेतल्या नाडगौडा, पाराशरामी आणि मस्करेन्हास यांनी बाटलीतल्या बांबूच्या कोवळ्या रोपांना फुलं आणली, आणि ते ‘नेचर’मध्ये छापून आलं. जो बांबू रानात फुलायला कित्येक दशकं घेतो, तो काचेत काही महिन्यांत फुलला. जगभर त्याची चर्चा झाली.

धंद्याची लाट त्यानंतरची. नव्वदच्या दशकात पुण्याच्या परिसरात पॉलिहाऊस उभे राहिले आणि जर्बेरा तळेगाव-मावळापासून सातारा-सांगलीपर्यंत पसरला. लॅबच्या आत गेलं तर मोरेलचंच काम चालू दिसतं, फक्त रांगेत. लॅमिनार फ्लोच्या गाळीव, निर्जंतुक वाऱ्यासमोर डोक्याला टोपी आणि तोंडाला मास्क लावलेल्या मुली बसलेल्या, हातात चिमटा आणि ब्लेड. बाटलीचं तोंड ज्योतीवरून फिरवायचं, झुपका बाहेर काढायचा, फुटवे सुटे करायचे, नव्या बाटलीत रोवायचे. यंत्राने हे अजून नीट जमलेलं नाही, म्हणून रोपाच्या किमतीतला मोठा हिस्सा या हातांच्या मजुरीचा असतो. रॅकवर एखाद्या बाटलीत पांढरी बुरशी दिसली की ती तशीच बंद झाकणाने ऑटोक्लेव्हला जाते. बाटलीतून निघालेलं रोप मोठं नाजूक. पानांवर मेणाचा थर नाही, मुळांना मातीची सवय नाही. कोकोपिटच्या ट्रेमध्ये, आधी भरपूर दमट हवेत आणि मग हळूहळू कोरड्या हवेत, त्याचं हार्डनिंग करावं लागतं. त्यात घाई केली तर ट्रेच्या ट्रे माना टाकतात.

आता रोगाचं काय झालं ते सांगायला हवं, कारण मोरेल त्यासाठी निघाला होता. दशांश मिलिमीटरचा कण कापणं किचकट, तो जगण्याची शक्यताही कमी. धंद्याने सोयीने कण मोठा केला. मोठा कण लवकर वाढतो, पण त्याच्याबरोबर विषाणूही येतो. त्या बाटलीला चाचणी न करता हजारांनी गुणलं तर हजार आजारी रोपं एकसारखी निपजतात. सिंबिडियमचा विषाणू मेरिक्लोनवर बसून देशोदेशी पोचला, तो असा. चांगली लॅब आज आईझाडाची विषाणू चाचणी करते, पण ती करायची असते हे सुरुवातीला धंदा जवळजवळ विसरूनच गेला होता.

नकलाही वाटतात तितक्या हुबेहूब नसतात. बाटलीत फार फेऱ्या झाल्या की एखादा तुकडा वाट सोडतो. बहुतेकदा त्यातून वेडीवाकडी फुलं निघतात आणि टाकून द्यावी लागतात. पण तैवानमध्ये ‘गोल्डन पीओकर’ नावाच्या फॅलेनॉप्सिसच्या नकलांत काही रोपांच्या पाकळ्यांवरचे बारीक ठिपके एकमेकांत मिसळून मोठाले जांभळे डाग झाले. तिथल्या बागवानाने ती फेकली नाहीत. आज दुकानात ‘हार्लेक्विन’ म्हणून जी फॅलेनॉप्सिस मिळतात, त्यांच्या वंशात ही बिघडलेली नक्कल आहे.

लग्नाच्या स्टेजवर जी जांभळी डेंड्रोबियम लागतात, त्यांतली पुष्कळशी थायलंडहून दादरच्या बाजारात उतरतात आणि टिश्यूचीच असतात. खासी टेकड्यांतला निळा व्हँडाही आता बाटलीत वाढतो. ऑर्किडच्या सगळ्या जाती आंतरराष्ट्रीय व्यापार निर्बंधांच्या यादीत आहेत. त्यांतल्या बहुतेकांच्या निर्जंतुक बाटलीतल्या रोपांना मात्र त्यातून सूट मिळते. त्यामुळे कायद्याच्या रस्त्याने सीमा ओलांडायला ऑर्किडला काचेचीच वाट सोपी पडते.

मालकीचा प्रश्न मात्र निराळ्या दाराने परत आला. नक्कल कुणालाही करता येते म्हटल्यावर जात निर्माण करणाऱ्यांनी कायदा मागितला. युरोपात वाणाच्या हक्कांचा करार १९६१ चा, म्हणजे मोरेलच्या लेखाच्या पुढल्याच वर्षीचा. आपल्याकडे वाणसंरक्षणाचा कायदा २००१ मध्ये आला. मावळातला शेतकरी पॉलिहाऊससाठी जर्बेराची रोपं काही महिने आधी बुक करतो. हॉलंडच्या संकरकाची जात असेल तर रोपाच्या दरात त्याची रॉयल्टी धरलेली असते, आणि रोपं वाढवून दुसऱ्याला विकायची नाहीत अशी अटही सोबत येते.